गव्हर्नरबाईंचा गाऊन

माझ्या उंची-रुंदीचा सरकारी कामात उपयोग झाला तो एकदाच. एरवी मी दाखल्यांच्या खिडकीमागे बसते. ती खिडकी इतकी खाली आहे, की बाहेरच्या माणसाला माझे दोन हात आणि हनुवटी एवढंच दिसतं. त्यामुळे मी काही कामाला उभी राहिले की रांगेतली माणसं एक पाऊल मागे सरकतात. पाच फूट दहा इंच. वजन सांगत नाही. लग्नात हार घालताना नवऱ्याला पाटावर उभं केलं होतं, तरी फोटोत मीच पाटावर उभी असल्यासारखी वाटते.

कार्यालय कुठलं ते विचारू नका. भिवंडीत आहे, सरकारी आहे, दुसऱ्या मजल्यावर आहे, एवढं पुरे.

महिला दिनाला आमच्याकडे दरवर्षी एक गुलाबाचं फूल, एक पेन आणि एक भाषण मिळायचं. भाषण पुरुष करायचे. त्या वर्षी बदलीवर नव्या मॅडम आल्या होत्या, आमच्या कार्यालयप्रमुख. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "फुलं बंद. जगात जिथे जिथे बायकांनी राज्यकारभार केला, त्यातली एकेक बाई एकेका विभागानं उभी करायची. दहा मिनिटांचा प्रवेश. वेशभूषेसह."

बायकांची यादी काढायचं काम एका निवृत्त ग्रंथपाल सरांना दिलं. सर कामतघरला राहायचे, आयुष्यभर पुस्तकांत बसलेले, आवाज इतका हळू की समोरचाही आपोआप कुजबुजायला लागायचा. ते चिठ्ठ्यांचा डबा घेऊन प्रत्येक टेबलापाशी फिरले. माझ्या हाताला आली ती चिठ्ठी मी उघडली. आत लिहिलं होतं, 'हवाई बेटांच्या राजघराण्यातील स्त्री. मोठ्या बेटाची गव्हर्नर.'

शेजारच्या खिडकीवरची माझी मैत्रीण चिठ्ठीत डोकावली आणि म्हणाली, "अय्या, हवाई सुंदरी! अगं, पण तू विमानात उभी कशी राहणार? डोकं लागेल."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो, त्याला सगळं ठाऊक असतं. तो जेवता जेवता थांबला. "हवाई? म्हणजे चपला बनवतात ते गाव?"

मी हसले, पण खरं सांगायचं तर मलाही त्याच्यापेक्षा जास्त माहिती नव्हती. मला हवाई म्हटलं की मोरीच्या दाराशी ठेवलेल्या निळ्या पट्ट्यांच्या चपलाच आठवायच्या.

म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी सरांच्या घरी गेले. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, मग ती बदलून दुसरी, जास्त दणकट ओढली, आणि कुजबुजत सांगायला सुरुवात केली. ती बाई राजकन्या होती. समुद्राच्या पार मध्यावर जी बेटं आहेत, त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या बेटाचा कारभार तिच्याकडे होता. नावापुरता नव्हे. हुकूम तिचा, जमिनी तिच्या. राहायला मोठा दगडी वाडा होता, पण ती राहायची त्याच्या आवारातल्या गवताच्या झोपडीत. इंग्रजी तिला चांगलं कळायचं, पण बोलायची नाही. गोरा साहेब भेटायला आला तरी त्यानं सोबत दुभाष्या आणायचा. नाहीतर परत जायचं.

"दिसायला कशी होती, सर?"

"उंच. सहा फुटांच्या आसपास, असं म्हणतात. आणि," सरांनी चष्मा काढला, तो पुसायला घेतला, "भक्कम."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते चष्मा पुसतच राहिले.

"सर, माझ्यापुढे जो डबा धरलात, त्यातल्या बाकीच्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलं होतं?"

"हेच," सर म्हणाले. "तुमचा डबा वेगळा होता."

मला राग आला. शाळेपासून हेच चाललंय. नाटकात मला झाड करायचे, नाहीतर राक्षस. एकदा तर मी आणि अजून एक मुलगी मिळून घोडा झालो होतो, आणि पुढचं तोंड तिचं होतं. मी उठले. सर घाईघाईनं म्हणाले, "ऐका तरी. लाव्हाची गोष्ट राहिली." मग मी परत बसले, कारण लाव्हा म्हटल्यावर कोण उठून जाईल?

गोष्ट अशी होती. बाई म्हाताऱ्या झाल्या तेव्हा त्या बेटावरचा ज्वालामुखी फुटला आणि लाव्हा एका गावाच्या दिशेनं सरकायला लागला. लोकांनी बाईंना साकडं घातलं. बाई दुसऱ्या बेटावरून जहाजानं आल्या, गाडीत बसल्या, पण त्यांच्या वजनानं घोड्याला गाडी हलेना. तेव्हा तुरुंगातले कैदी आणले आणि त्यांनी ती गाडी ओढत नेली. लाव्हापाशी जाऊन बाईंनी जुने मंत्र म्हटले, आगीत रेशमी रुमाल टाकले, वर ब्रँडी ओतली, आणि तिथेच मुक्काम टाकला. सकाळी बघतात तर लाव्हा थांबलेला.

"खरं?" मी विचारलं.

"लोक सांगतात असं," सर म्हणाले. "तुम्हाला नको असेल तर मी दुसरी चिठ्ठी देतो."

"नको," मी म्हणाले. घोडा हलेना म्हणून जिची गाडी कैद्यांनी ओढली, आणि तरी जी गाडीतून उतरली नाही, त्या बाईला मी कशी सोडणार होते?

मग पोशाखाचा विषय निघाला. सरांनी पुस्तकातला एक जुना फोटो दाखवला. बाईंच्या अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसलग, सैल, लांब बाह्यांचा झगा होता. कमरेला काही बांधलेलं नाही.

"सर, हा तर गाऊन आहे."

"हो, गाऊनच म्हणायचं त्याला."

"तसं नाही, सर. आम्ही बायका घरात घालतो, तो गाऊन."

सरांनी फोटोकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. "तत्त्वतः, हो," ते म्हणाले.

माझ्या सासूबाई भिवंडीलगतच्या शेलार गावात राहतात. रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना राजकन्या पटली, लाव्हा पटला, कैदीसुद्धा पटले. गाऊन पटला नाही.

"गाऊन घालून हापिसात जानार तू? सगल्या पुरुषांम्होरं?"

"आई, तो राणीचा पोशाख आहे."

"आसंल. राणीला सासू न्हाय वाटतं." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "वरून ओढनी घे मंग."

आमच्याकडे गाऊनवर ओढणी घेतली की बाई भाजी आणायला जाऊ शकते, दूध आणायला जाऊ शकते, नळावर भांडू शकते. पण गव्हर्नर होऊ शकते की नाही, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. मी सांगितलं, त्या बाई ओढणी घेत नव्हत्या, पण त्यांच्याकडे राजघराण्यातली माणसं पिवळ्या पिसांची माळ घालायची. तेवढ्यानं सासूबाईंचं मन पालटलं. अंग झाकण्याचा प्रश्न सुटला होता आणि शिवाय त्यांच्याकडे कोंबड्या होत्या.

पुढचे चार दिवस त्यांनी शेलारमधल्या घराघरांतून पिसं गोळा केली. ती सगळी धुतली, हळदीच्या पाण्यात उकळली, अंगणात सुकवली आणि दोऱ्यात ओवली. माळ पूर्ण झाली तेव्हा ती पिवळी होती, भरगच्च होती, माझ्या गळ्यापासून पोटापर्यंत येत होती, आणि तिला कोंबडी शिजायला ठेवल्यासारखा वास येत होता. नवरा ती रिक्षातून आमच्या नारपोलीच्या घरी घेऊन आला. रिक्षावाल्यानं वाटेत तीनदा मागे वळून विचारलं, "भाई, आज घर पे दावत है क्या?"

गाऊनसाठी गल्लीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यातून जाडसर कोरं कापड आणलं आणि ते जांभळं रंगवून घेतलं. आमचा शिंपी मापं घेताना पट्टी संपली म्हणून एकदा थांबला, पण काही बोलला नाही, सज्जन माणूस आहे. फक्त शेवटी विचारलं, "मॅडम, जेब लगाऊं?"

"गव्हर्नरला खिसा कशाला?"

"फिर गव्हर्नर मोबाइल कहाँ रखेगी?"

खिसा लावला.

तालमी जेवणाच्या सुट्टीत चालायच्या. माझ्या विभागातले दोघे कारकून कैदी झाले. आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात आणि जे निवृत्तीला आलेत, ते माझे दुभाषी आणि चवरीवाले. त्या राजघराण्यात उंच काठीला पिसांचा मोठा झुबका लावून तो सरदार हातात धरायचे. मामांनी फोटो पाहिला आणि दोन मिनिटांत कोठीतून जळमटं काढायचा बांबूचा कुंचा आणला. उरलेली पिवळी पिसं त्याला बांधली. "आत्ता काय फरक आहे सांगा," ते म्हणाले. काहीच नव्हता.

लाव्हा कोण होणार यावर वाद झाला. शेवटी आवक-जावक नोंदणारे एक किरकोळ अंगाचे, उत्साही गृहस्थ तयार झाले. मंडपवाल्याकडून आणलेलं लाल सॅटिन पांघरून त्यांनी रांगत माझ्याकडे यायचं, मी रुमाल टाकायचे, वर ब्रँडी म्हणून कोकम सरबत ओतायचं, आणि सरबताचा थेंब अंगावर पडला की त्यांनी थांबायचं. इतकं सोपं होतं.

मला मात्र त्या बाईंच्या इंग्रजी न बोलण्यानं पछाडलं होतं. कारण मी त्यांच्या अगदी उलट होते. मला इंग्रजी अर्धं कळतं आणि बैठकीत मी पूर्ण कळल्यासारखी मान हलवते. मागच्या रांगेत बसून वीस वर्षं मान हलवली आहे.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मुंबईहून एक सल्लागार आले. दाखले देण्याची नवी पद्धत ते समजावून देणार होते. पडद्यावर रंगीत चौकोन, चौकोनांतून निघणारे बाण, आणि चाळीस मिनिटं इंग्रजी. आम्ही सगळे माना हलवत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "एनी क्वेश्चन्स?"

मी उभी राहिले. का उभी राहिले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी उभी राहिल्यावर प्रोजेक्टरच्या उजेडात माझी सावली पडली आणि पडद्यावरचे अर्धे चौकोन झाकले गेले.

"मला कळलं नाही," मी म्हणाले. "मराठीत सांगा."

सल्लागार मॅडमकडे बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाले. मी म्हणाले, "मग दुभाष्या बोलवा."

मॅडमच्या तोंडावर काय आहे ते मला दिसत नव्हतं, त्यांनी रुमाल धरला होता. पण त्या म्हणाल्या, "मामा, तुम्ही सांगा."

मामा चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभे होते. अशा बैठकांमध्ये ते तीस वर्षं उभे राहिले आहेत. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि घसा साफ केला. "साहेबांचं म्हणणं असं, की दाखल्यांची खिडकी बंद. लोकांनी घरी बसून मोबाइलवर अर्ज भरायचा. ज्याला मोबाइलवर जमत नाही, त्यानं खिडकीवर यायचं."

"पण खिडकी तर बंद," मी म्हणाले.

"हां, तेच," मामा म्हणाले. "मी पण मघापासून त्याच्यातच अडकलोय."

सल्लागारांना मराठी कळत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून तेव्हा कळलं. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला, दोन बाण मागे सरकवले, एक पुढे आणला, आणि मग अगदी स्वच्छ मराठीत म्हणाले, "अरेच्चा."

खिडकी राहिली. पण मी त्या संध्याकाळी घरी गेल्यावर अर्धा तास नुसती बसून होते.

कार्यक्रम दुपारी तीनला होता. सभागृह भरलेलं. सासूबाई सकाळीच शेलारहून येऊन माझ्या नवऱ्याबरोबर दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुण्या, एक निवृत्त अधिकारी बाई, अतिशय गंभीर. आमच्या आधी वसुली विभागानं तलवारवाली राणी केली. तलवार खरी वाटत होती आणि राणी रडवत होती. टाळ्या थांबेनात.

मग आम्ही. माझी गाडी म्हणजे फायली वाहायची ढकलगाडी. तिला लाकडी खुर्ची बांधली होती आणि रंगमंचावर चढवायला फळ्यांचा उतार केला होता. मी जांभळ्या गाऊनमध्ये, गळ्यात हळदीची पिसं, आणि मागे मामा कुंचा घेऊन. दोन्ही कैद्यांनी दोरी ओढली. गाडी हलली नाही. तालमीत मी गाडीत बसलेच नव्हते, हे आम्हा तिघांना एकदमच आठवलं.

कैद्यांनी पुन्हा ओढलं. एकाची चप्पल तुटली. प्रेक्षकांत हसू फुटलं. पूर्वीची मी असते तर उतरले असते, खरंच उतरले असते. पण बाई उतरल्या नव्हत्या. मी हाताची घडी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आणखी कैदी आणा!"

पहिल्या दोन रांगांतून सहा जण उठले. त्यात मोठे लेखापाल होते, पहारेकरी होते आणि माझा नवरा होता. त्या आठ जणांनी मला वर नेलं.

लाव्हा निघाला. लाल सॅटिन फुगावं म्हणून बाजूला मोठा पंखा लावला होता, तो घोंघावत होता. मी उतरून पुढे झाले, रुमाल टाकले. पंख्यानं रुमाल उडवले. एक पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन पडला. मी कोकम ओतलं. वाऱ्यानं तेही तिरकं गेलं आणि मामांच्या सदऱ्यावर पडलं. लाव्हाच्या अंगावर एक थेंब नाही. त्यामुळे लाव्हा थांबला नाही.

तो माझ्या बाजूनं रांगत गेला. मी म्हणाले, "थांब!" पंख्यापुढे काय ऐकू येणार? तो उतारापाशी पोचला आणि फळ्यांवरून खाली गेला, आता जरा वेगानं, थेट पहिल्या रांगेकडे. प्रमुख पाहुण्यांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

माझ्याकडे मंत्र उरला नव्हता, रुमाल उरले नव्हते, सरबत संपलं होतं. मी गाऊन दोन्ही हातांनी वर धरला, उतारावरून खाली धावले, लाव्हाच्या पुढे जाऊन वळले, आणि बसले.

लाव्हा थांबला.

खालून दबलेला आवाज आला, "अरे बाप रे! मर गया! कौन है?"

आणि माझ्या तोंडून, शपथेवर सांगते, न ठरवता निघून गेलं, "मराठीत सांगा."

मामा कुंचा घेऊन धावत आले, वाकून सॅटिनला कान लावला, आणि सगळ्या सभागृहाला उद्देशून म्हणाले, "लाव्हा म्हणतोय, उठा."

पुढचं मला नीट आठवत नाही. लोक उभे राहिले होते. प्रमुख पाहुण्या खुर्चीवर पाय घेऊनच हसत होत्या आणि आमच्याच रुमालानं डोळे पुसत होत्या. सासूबाई शेजारच्या अनोळखी बाईला हलवून सांगत होत्या, "माजी सून हाय ती!" ग्रंथपाल सर मागे भिंतीशी उभे होते आणि काहीतरी ओरडत होते, पण ते ओरडले तरी कुजबुजच.

पहिलं बक्षीस तलवारीला मिळालं, ते योग्यच होतं. आम्हाला उत्तेजनार्थ एक पोळ्यांचा डबा. लाव्हा झालेले गृहस्थ दोन दिवस पाठ शेकत होते, आणि नंतर महिनाभर येईल त्याला सांगत होते, की गव्हर्नर खुद्द त्यांच्यावर बसल्या होत्या.

संध्याकाळी घरी चहा पिताना सासूबाईंनी विचारलं, "मंग त्ये बेट? तिच्या मान्सांचंच हाय ना आजून?"

मला वाटलं होतं त्या विचारणार नाहीत. मी सरांकडून ऐकलं होतं तेवढं सांगितलं. बाई गेल्या, पुढे थोड्याच वर्षांत बाहेरच्यांनी राज्य घेतलं, आता ती बेटं दुसऱ्या देशात आहेत. सासूबाई कप हातात धरून बसल्या. चहावर साय धरली तरी प्यायल्या नाहीत.

"आनि ती भाषा? जी बोलायची ती?"

ते मला माहीत नव्हतं. मी गाऊनच्या खिशातून मोबाइल काढला आणि सरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. सर कुजबुजले, की मधल्या काळात ती भाषा जवळजवळ बुडालीच होती. शाळांतून बंद झाली होती. पण आता पोरं पुन्हा शिकतायत, त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा निघाल्यात.

"येक शब्द सांगा तिचा," सासूबाई फोनजवळ वाकून म्हणाल्या.

"अलोहा," सर म्हणाले. "भेटल्यावरही म्हणतात आणि निघतानाही."

"आलो हां?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "त्यात काय? आपन पन निंगताना येतो म्हनतो. आपलीच हाय की ती भाषा!"

सर पलीकडे कुठल्याशा पुस्तकाची पानं उलटत असल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "तत्त्वतः, नाही." पण तोवर सासूबाईंनी चहा प्यायला घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेलारला जायला निघाल्या. मी आणि नवरा त्यांना सोडायला रिक्षापर्यंत गेलो. रिक्षा सुरू झाली तशा त्या बाहेर डोकावल्या, हात वर केला आणि सगळी गल्ली वळून बघेल अशा आवाजात ओरडल्या, "आलो हां!"

रिक्षावाल्यानं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "आजी," तो म्हणाला, "आलो नाय, निघालो."